थर बदलतो ती जागा

नाही नाही, पुढे पळवायचं नाही. रिमोट इकडे द्या बघू—द्या—हं. पळवलं की काही कळत नाही जावईबापू, टेस्ट कॉपी ही पळवून बघायची गोष्टच नाही. तुमच्या बायकोनं तुम्हाला सांगितलं असेल, जा, ताईकडे जाऊन डिस्क बघ, ठीक आहे म्हण आणि ये—आणि तुम्ही बिचारे आलात, खालच्या चष्मेवाल्याला विचारत, जिना चढून—पण ठीक आहे म्हणायचं तर आधी बघावं लागतं ना. सगळी नाही दाखवत मी. सव्वातीन तासांची फिल्म आहे, तुमची कंबर मोडेल त्या स्टुलावर, त्याचा एक पाय तसाही आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घातलीय, तेवढी सरकवू नका. मधला तुकडा बघायचा फक्त. लावलाच आहे मी बरोबर जागी—नाना खुर्चीत बसतात, चष्मा काढतात, पुसतात आणि बोलायला लागतात, तिथपासून. कॉफी घ्या, गार होईल.

हे कॉम्प्युटरवर बघितलं की लोण्यासारखं जातं. तिथं कुठे काही अडकत नाही. धाकटीनं तिकडे आपल्या मोठ्या पडद्यावर बघितलं, खूश झाली, आणि मास्टर फाइल्स हार्डडिस्कवर घालून माझ्याकडे धाडून दिल्या—'ताई, सगळं फायनल आहे, आता फक्त डिस्क काढायचीय.' फक्त. हा शब्द तिचा फार आवडता, लहानपणापासून. ताई, फक्त माझं दप्तर धर. ताई, फक्त आज माझ्या वाटची भांडी घास. आता फिल्म एवढी लांब की साध्या डिस्कवर मावायची नाही, कोंबून बसवली तर चित्र पिठूळ होतं, नानांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती दिसायची नाही—म्हणून ही दोन थरांची डिस्क. हिच्यात एकावर एक दोन थर असतात, आपल्याला दिसत नाहीत, पण असतात. लेझर पहिल्या थरावर आतून सुरू करतो, वाचत वाचत बाहेरच्या काठापर्यंत जातो, आणि तिथं पोचला की दुसऱ्या थरावरून उलटा आत यायला लागतो. विणताना नाही का, ओळ संपली की सुया फिरवायच्या आणि परत यायचं—तसं. आणि सुया फिरवताना क्षणभर हात थांबतो. तेवढंच. तेवढा एक क्षण चित्र थांबतं, आवाज थांबतो, मग पुढे चालू. चांगल्या प्लेअरवर कळतही नाही. साध्यावर कळतं, जुन्यावर जास्तच कळतं, आणि आमच्याकडचा प्लेअर किती जुना आहे ते तुम्ही बघितलंय. त्याच्या रिमोटवर दोन बटणांना मी लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय—एक चालू, एक बंद, बाकीच्यांना नानांनी हात लावायचा नाही असं ठरलंय आमचं. म्हणून तर डिस्क. नाहीतर हल्ली डिस्क काढून घेतं कोण. पण आमच्या नातेवाइकांत सगळेच असले. आत्याला पेन ड्राइव्ह दिला तर ती तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून मोकळी होईल.

हं, हे बघा नाना. शर्ट बघा कसला. तो शर्ट धाकटी येणार म्हणून निघाला कपाटातून, एरवी मी पुढे केला की म्हणतात, घरातल्या घरात कशाला, जुना दे. कॉलर कशी उभी आहे बघा. ती इस्त्री माझी. आता इस्त्री करणाऱ्याचं नाव काही फिल्ममध्ये येत नाही, ते मलाही कळतं—शेवटी नावं वर सरकतात ना, कल्पना धाकटी, दिग्दर्शन धाकटी, कॅमेरा धाकटी, संकलन धाकटी, आणि मग विशेष आभार म्हणून एक शेपूट, त्यात आत्या, तुम्ही, शेजारचे काका, कॅमेरा भाड्यानं देणारं दुकान, आणि मी. दुकानाच्या खाली. नाही हो, राग कसला. माझ्या लक्षातही आलं नसतं, पण टेस्ट कॉपी शेवटच्या अक्षरापर्यंत बघावी लागते, कामाचा भाग आहे तो.

मी जळते असं वाटत असेल तुम्हाला. सगळ्यांना वाटतं. आत्या तर तोंडावर म्हणते. पण मला सांगा, नाना तुमचे सासरे असतील, धाकटीचे वडील असतील—माझेही आहेतच की. आई गेल्यापासून त्यांच्याजवळ कोण आहे? मी काही उपकार करत नाही त्यांच्यावर, मला दुसरं जायचंच कुठे होतं. धाकटीला नवरा मिळाला, तोही असा, जा म्हटलं की जिना चढणारा. मला काय मिळालं? ही खोली मिळाली, डिस्क काढायचे सहा बर्नर एकावर एक रचलेले, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर नाना. मी तक्रार करत नाहीये. मी नुसतं सांगतेय.

पंधरा दिवस ती आली होती शूटिंगला. तुम्ही नव्हता आलात तेव्हा, तुम्हाला सुट्टी नव्हती. पंधरा दिवस घरात नुसती धांदल—दिवा इकडे घे, खुर्ची तिकडे घे, पंखा बंद कर, घरघर येतेय. नानांना पंख्याशिवाय एक मिनिट चालत नाही, पण धाकटी म्हणाली ना, मग हूं नाही की चूं नाही, घाम पुसत बसायचे आणि हसायचे. मी पंखा बंद केला असता तर—जाऊ दे. आणि मी जिथं उभी राहीन तिथं सावली पडायची. 'ताई, जरा बाजूला होतेस? सावली पडतेय.' 'ताई, अजून जरा.' होता होता मी आतल्या खोलीत पोचले. तरी सुटका नाही, आतून म्हटलं, नाना, गोळी राहिलीय तुमची—तर ते रेकॉर्ड झालं. मग तिकडे जाऊन तिनं ते साफ केलं. आवाज साफ करणं म्हणतात त्याला. पंख्याची घरघर काढतात, रस्त्यावरचे हॉर्न काढतात, त्यात मीही निघाले. सव्वातीन तासांत मी कुठेही नाही जावईबापू, शोधून दाखवा. म्हणजे आहे. आता येईलच, नानांना खोकला लागतो तिथं. हा—लागला. आता डाव्या कडेला बघा—हा. हा हात. पाण्याचा ग्लास घेऊन आला ना, तो हात म्हणजे मी. नाना पितात, ग्लास परत देतात, हात गेला. संपलं. तुम्ही कॉफीच्या कपात बघत होता, चुकला तुमचा. असू दे.

त्या मनगटावर रबर बँड आहे. हे बघा, आत्ताही आहेत. डिस्कची पाकिटं बांधायचे असतात, सोडले की मनगटात अडकवायची सवय लागलीय, झोपतानाही काढायचे राहतात. तर त्या रबर बँडवरून मला मेसेज आला. आधी तिचं नाव बघून मला बरं वाटलं, म्हटलं काहीतरी प्रेमानं लिहिलंय. तर काय—'ताई, पाण्याच्या शॉटमध्ये तुझा रबर बँड दिसतोय, डिस्क करताना कडेनं चित्र थोडं कापता येईल का? नाही जमलं तर राहू दे.' आता कडेनं कापायचं म्हणजे रबर बँड जातो आणि हातही जातो, मग नानांकडे ग्लास हवेतून तरंगत येणार. मी लिहिलं, मास्टरला मी हात लावत नाही. हसलात ना? हसा, हसा. मीही आधी हसलेच. मग भांडी घासताना रडले, पण आधी हसले.

हा फोटो बघा, हा. सायकलवर धाकटी आणि मागे सीट धरून नाना पळताहेत, धोतर—नाही, पायजमा आहे—पायजमा एका हातात धरून. फार गाजणार आहे हा फोटो रविवारी नानांच्या वाढदिवसाला, सगळे आहा करतील. ती सायकल माझी. मला शिकवायला कुणी पळालं नव्हतं, मी भिंत धरून शिकले, कोपरावर अजून खूण आहे. आणि हा फोटोही मीच काढलाय. इथं खाली कोपऱ्यात धुरकट दिसतंय ना, ते माझं बोट. लेन्सवर आलं होतं. माझा काय तो हातच येतो सगळीकडे.

आता ऐका. आता तिच्याबद्दल बोलायला लागतील—'धाकटी रोज फोन करते. कामात असो, प्रवासात असो, संध्याकाळी तिचा फोन येणार म्हणजे येणार.' खरं आहे. यात एक शब्द खोटा नाही. पण जावईबापू, फोन नुसता येतो का हो? तो चार्ज कोण करतं? नाना उलटा धरतात, तो सुलटा कोण करतं? त्यांना ऐकू येत नाही म्हणून स्पीकर कोण लावतं, आणि स्पीकर लावूनही येत नाही म्हणून कानाशी ओरडतं कोण—नाना, ती विचारतेय जेवलात का. आणि नाना मला सांगतात, 'तिला सांग जेवलो, मस्त जेवलो.' मस्त. जे ताट माझ्यासमोर अर्धं बाजूला सारलं, ते तिच्या फोनवर मस्त होतं. आणि फोन ठेवला की पुढे तासभर तेच—धाकटीचा आवाज बसला होता का गं, धाकटी फार दमते, धाकटीला जपायला हवं. मागे मला चांगला सणकून ताप होता, तो अंगावर काढून मी सगळं केलं त्यांचं, तर म्हणाले, 'ताई, तू आज फार हळू चालतेस.' त्यांना कळलं नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण तिची सर्दी त्यांना फोनवरून कळते, आणि माझा ताप एका घरात राहून कळत नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

थांबा, आता बोलू नका. म्हणजे तुम्ही कुठे बोलताय, मीच बोलतेय. ऐका—'मला जर या वयात कुणी जिवंत ठेवलं असेल तर ते—'

बघितलंत?

'—माझ्या धाकटीनं.' झालं, चालू झालं परत. नाही नाही, डिस्क खराब नाहीये. मघाशी नाही का सांगितलं, सुया फिरवतानाचा क्षण, तो हा. पहिला थर इथं संपला, दुसरा सुरू झाला. याला इलाज नसतो हो. दोन थरांची डिस्क म्हटली की कुठेतरी थांबणारच, आणि कुठेही थांबून चालत नाही, साधारण मध्यावरच यावं लागतं, पहिल्या थरावर थोडं जास्त, दुसऱ्यावर थोडं कमी, असं माप असतं त्याचं. आपल्या हातात काही नसतं. सॉफ्टवेअरच पाच-सहा जागा सुचवतं, दोन प्रसंगांच्या मध्ये पडदा काळा होतो ना तिथल्या, म्हणजे बघणाऱ्याला पत्ताही लागू नये, त्यातली एक घ्यायची आणि—

हो. पाच-सहा. हो, काळ्या पडद्यावरच्या.

तुम्ही मितभाषी आहात असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत. तुमच्या भुवया फार बोलतात.

बरं, इथं काळा पडदा नाहीये. वाक्याच्या मध्ये कुठलं सॉफ्टवेअर जागा सुचवणार? ती मी केली. थर बदलायला फाइलमध्ये खूण लागते, तिथं ती नव्हती, मी घातली, 'ते' आणि 'माझ्या' यांच्या मधोमध, आणि ती नेमकी तिथं बसावी म्हणून अख्खी दुपार घालवली, बाकीची कामं बाजूला ठेवून. बसा, उठू नका. वाजू द्या तो फोन, तिचाच असणार. मागून करा तिला. मास्टरला मी हात लावलेला नाही, हे लक्षात घ्या. एक चित्र कापलं नाही, एक शब्द काढला नाही, सगळं जसंच्या तसं. फक्त थर कुठे बदलायचा ते मी ठरवलं. ते ठरवणं माझंच काम आहे. नियमानं ते काळोखात ठरवायचं असतं, एवढंच.

आता विचारा, का. तुम्ही विचारणार नाही, मीच सांगते. खोडी काढायची म्हणून नाही. तसं वाटलं तर वाटू दे, पण नाही. हे बघा—रविवारी हॉल भरलेला असणार. ऐंशी वर्षांच्या माणसाचा वाढदिवस, कोण चुकवतो. नानांचा हट्ट आहे, प्लेअर घरचाच न्यायचा आणि चालूचं लाल बटण त्यांनी दाबायचं. म्हणजे नाना पहिल्या रांगेत रिमोट धरून. त्यांच्या उजव्या हाताला धाकटी. धाकटीशेजारी तुम्ही. आणि मी कुठे असेन? मागे, वायरीपाशी, प्लग निघालाबिघाला तर बघायला. आणि पडद्यावर नाना म्हणणार, मला जर या वयात कुणी जिवंत ठेवलं असेल तर ते—आणि थांबणार. इथं थांबलं त्याच्या दुप्पट थांबतं आमच्या प्लेअरवर. आणि तेवढ्या वेळात, नाव यायच्या आत, हॉलमधलं एकूण एक माणूस मनातल्या मनात ते वाक्य पुरं करणार. आत्या करणार. शेजारचे काका करणार, नानांना पाठीवर घेऊन जिना उतरताना त्यांनी मला बघितलंय. सगळे म्हणतील, ताईनं. एखादी मान मागे वळेलसुद्धा. मग येऊ दे की धाकटीचं नाव, माझी ना नाही, नाना म्हणाले आहेत ते म्हणाले आहेत. पण त्याआधी एक क्षण माझा होऊन गेलेला असेल, आणि तो कुणाला साफ करून काढता येणार नाही.

तुम्ही केलंत का हो पुरं? आत्ता? मनात?

नका सांगू. राहू दे.

ही कॉपी मी देणार नाहीये. म्हणून तर एवढं बोलतेय. द्यायची असती तर तुम्हाला दुसरीच मिनिटं दाखवली असती, तुम्हाला काय कळणार होतं. नाही देत, कारण काल संध्याकाळी मी ती घरी लावली. पद्धत आहे माझी, डिस्क ज्या प्लेअरवर लागणार त्याच प्लेअरवर एकदा बघितल्याशिवाय मी काम हातावेगळं करत नाही. नाना खुर्चीत, पायांवर चादर. मी बाजूला खाली बसलेली. म्हटलं, नाना, बघा तुमची फिल्म. मजेत बघत होते, आत्या दिसली की हिची दातांची कवळी नवी दिसते म्हणत होते. शूटिंगला आपण काय बोललो ते त्यांना आता आठवत नाही, परवाचंच आठवत नाही तर ते कुठलं. म्हणून मी ती जागा जवळ आल्यावर पडद्याकडे बघितलंच नाही, मी नानांकडे बघत होते. म्हटलं, बाकीचा हॉल राहू दे, बघू या, हे स्वतः काय म्हणतात. वाक्य त्यांचंच आहे, बघू या कुणाच्या नावानं पुरं करतात.

आणि थांबलं. पडद्यावर नाना तोंड अर्धं उघडं टाकून, हात वर उचललेला, एक पापणी अर्धी मिटलेली. खोलीत काही आवाज नाही. खुर्चीतले नाना त्या नानांकडे बघत राहिले. आणि म्हणाले, 'गेलो वाटतं.' असं, साधं. बस चुकली की म्हणतो ना आपण, गेली वाटतं, तसं. मला उठायचं सुचेना. मग त्यांचा हात चाचपडत आला, माझं मनगट सापडलं त्याला, ते रबर बँडसकट घट्ट धरलं, आणि हाक मारली. 'धाकटे,' म्हणाले. 'धाकटे, दिवा लाव गं, अंधार झाला.'

दिवा लागलेलाच होता.

हात माझा होता जावईबापू. आणि मी म्हटलं, 'लावते नाना.' ओ दिली मी, धाकटी म्हणून. घाबरलेल्या माणसाला काय सांगत बसायचं, मी ती नव्हे म्हणून. तेवढ्यात चित्र हललं, पडद्यावरच्यांनी सांगून टाकलं, माझ्या धाकटीनं, आणि खुर्चीतले हसायलाच लागले. 'अगं, आहे की मी,' म्हणाले. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, 'ताई, तू कधी आलीस?'

कॉफी संपवा ती. मला काही झालेलं नाही. हे रोजचं आहे, काल जरा जास्त लागलं इतकंच. मला त्या दोन शब्दांच्या मध्ये जरा जागा हवी होती, आणि त्या जागेत नानांना काय दिसलं बघा. रविवारी भरल्या हॉलमध्ये त्यांना ते पुन्हा दाखवू? आणि तिथं ते धाकटे म्हणून हाक मारतील तेव्हा ती शेजारीच बसलेली असेल, तिचाच हात धरतील, आणि ती सगळ्यांसमोर रडेल, छान दिसेल रडताना, ती छानच दिसते. नको. थर हलवायचा. नवी कॉपी काढायची. या डिस्का फार हळू लिहाव्या लागतात, घाई केली की वाया जातात, पण उद्यापर्यंत होईल.

इकडे या, कॉम्प्युटरपाशी, आलाच आहात तर बघून जा. ही ती सुचवलेली जागा. आत्याचं बोलणं संपतं, पडदा काळा होतो, मग नाना चष्मा काढतात. इथं टाकायचा, नियमानं. कुणाला कळणारही नाही. डिस्क स्वच्छ होईल, धाकटीची फिल्म एकसंध जाईल, नानांचं ते वाक्य एका दमात पुरं होईल, शंभर माणसं टाळ्या वाजवतील. चांगलं काम म्हणतात ते हेच, की जोड कुठे आहे ते दिसू नये. आयुष्यभर मी हेच केलं.

जरा पुढे गेलं की हा खोकला. आणि हा—थांबवते—हा हात. असा थांबवून मी कधी बघितला नव्हता. ग्लास अजून माझ्या हातात आहे आणि नानांनीही धरलाय, दोघांची बोटं आहेत बघा काचेवर. नानांचं तोंड मिटलेलं आहे, डोळे खाली, पाण्याकडे. इथं थांबलं तर ते घाबरणार नाहीत. पाणी पिताना माणूस थांबतोच. मापातही बसतंय, पहिल्या थरावर जरासं जास्त, दुसऱ्यावर जरासं कमी. खूण घालावी लागेल तेवढी. घातली.

नाही, काळोखात नको. तुम्ही जा आता. फोन उचला तिचा, पुन्हा वाजतोय, तिला सांगा एक दोष सापडला होता, ताई काढतेय, उद्या नवी कॉपी मिळेल. रबर बँडचं काही जमलं नाही म्हणावं. आणि थर कुठे बदलतोय असं ती विचारणार नाही, पण विचारलंच, तर सांगा, नाना पाणी पितात तिथं. तिथं तसंही कुणी बघत नाही. दार ओढून घ्या जाताना.